विहीणबाईंचा फाटका स्पीकर

आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, साठी ओलांडल्यावर इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून स्वतः रचलेली गाणी म्हणू लागल्या, तेव्हा मी तो तात्पुरता बिघाड समजलो. तात्पुरता बिघाड एक तर आपोआप जातो, नाही तर कायमचा होतो. हा दुसऱ्या जातीचा निघाला.

त्यापूर्वी त्यांनी आयुष्यभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवले. गावातल्या निम्म्या लोकांना आपण गाडी चालवायला शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना बाजूला उडी मारायला, असे त्या स्वतःच सांगत. स्कूल बंद करताना त्यांनी गाड्या विकल्या आणि एक गिटार व पोटात स्पीकर असलेला एक अॅम्प्लिफायर विकत घेतला. मी स्वतः तंत्रनिकेतनातील पदविका घेऊन लाउडस्पीकरच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केलेली. तयार स्पीकरला खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाज द्यायचा, कान जवळ न्यायचा आणि जरा जरी खरखर आली तरी त्याला नापास करायचे, हे माझे काम. त्यामुळे आम्हा दोघांचे क्षेत्र एकच आहे असे मला वाटे. विहीणबाईंना तसे वाटत नसे.

मागे एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या असता मी अगदी सद्भावनेने विचारले होते, "विहीणबाई, तुमचं हे गाणं नेमकं कोणत्या प्रकारात बसतं?"

"बसत नाही, व्याही. उभं राहून म्हणायचं असतं."

त्यानंतर सुनेने मला पुढची पोळी विचारली नाही. मी ती स्वतः उठून घेतली.

म्हणून या खेपेस सुनेने आधीच बंदोबस्त केला. विहीणबाईंचा कार्यक्रम आमच्या घराजवळच्या छोट्या सभागृहात ठरला होता आणि त्या आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला येणार होत्या.

"बाबा," सून म्हणाली, "कार्यक्रमाला रेकॉर्डिंग करणाऱ्या एक बाई येणार आहेत. खूप लांबून येतायत. त्यांना आवडलं तर त्या आईच्या गाण्यांचा अल्बम काढणार. नाही आवडलं तर त्या परत काही यायच्या नाहीत, आणि आईसुद्धा गिटार माळ्यावर टाकेल. मी ओळखते तिला. तेव्हा कृपा करून प्रकार विचारू नका."

"मग काय विचारू?"

"काहीच नको. आधी ऐका." आणि तिने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

त्यात तिने निवडून ठेवलेल्या गायिका होत्या. देशोदेशीच्या, पण सगळ्या स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्या. दुपारी घर शांत झाले की मी तपासणीच्या शिस्तीने, रोज त्याच खुर्चीत, आवाज तितकाच ठेवून, एकेकीला ऐकू लागलो. पहिली बाई नवऱ्याला कायमची सोडून निघाली होती आणि गॅस बंद केला की नाही हे पाहण्यासाठी अर्ध्या रस्त्यातून परत आली होती. दुसरी शेताच्या कुंपणाशी बोलत होती आणि कुंपणाचे म्हणणेही मांडत होती. तिसरीचा आवाज असा, की जणू घशातून खडीची गाडी रिकामी होत आहे. आणि त्या आवाजात ती बाळाला झोपवत होती.

मी कागदावर एक तक्ता आखला. रस्ता, वाहन किंवा मागे राहिलेले घर आले की कंट्री, म्हणजे अमेरिकेतले खेडवळ गाणे. हातातले काम न थांबवता जे म्हणता येईल ते लोकगीत. शेजारी भिंतीवर थाप मारील ते रॉक. तक्ता निर्दोष होता. त्यानंतर चौथी बाई आली. तिने शेंगा सोलत बसल्यासारखी निव्वळ गळ्याने सुरुवात केली, दुसऱ्या कडव्यात ती मालमोटारीत चढली आणि तिसऱ्यात गिटार अशी कडाडली, की मी भिंतीकडे पाहिले.

"हिला कोणत्या रकान्यात घालू?" मी पत्नीला विचारले.

"तिला यायचंच नसेल तुमच्या तक्त्यात," पत्नी म्हणाली. "सगळ्यांनाच काही माझ्यासारखी हौस नसते."

मला चकित केले ते निराळ्याच गोष्टीने. या बायका काही लपवत नव्हत्या. श्वास घेतलेला ऐकू येई, वरचा सूर तडकलेला ऐकू येई, आणि तो तसाच ठेवलेला असे. आमच्या विभागात या सर्व बाया सकाळच्या पाळीतच नापास झाल्या असत्या. तरी ते खडीवालीचे अंगाईगीत संपल्यावर मी पुन्हा लावले. तपासायला नव्हे. पुन्हा ऐकावेसे वाटले म्हणून.

विहीणबाई आल्या त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे जमले होते. मी प्रकार विचारला नाही. "तुमचं एखादं गाणं म्हणता का?" एवढेच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, मग लेकीकडे पाहिले. "काय पाजलंस यांना?"

"म्हण ना, आई."

ओट्याला टेकून, गिटारशिवाय, त्यांनी म्हटले:

*हळूच सोड क्लच, पोरी, गचका नको देऊस,*
*आरशात मी दिसेन तुला, वळून नको पाहूस.*

पहिल्या ओळीला सून हसली. दुसऱ्या ओळीला तिची कांदा चिरणारी सुरी थांबली. गाण्यात पुढे वळणे होती, चढ होता, शेजारच्या आसनावरून आपोआप ब्रेककडे जाणारा आईचा पाय होता. ती पोर गाडी घेऊन कुठे निघाली आहे हे गाण्यात सांगितलेले नव्हते. पण मुक्कामाचा पत्ता आमच्या घराचा होता हे मला कळले.

या बाईंसाठी आपण काही केले पाहिजे असे मला त्या क्षणी तीव्रतेने वाटले. मला स्तुती करता येत नाही. दुरुस्ती येते.

त्यांचा अॅम्प्लिफायर आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवलेला होता. सकाळी त्या सराव करीत तेव्हा गिटारच्या खालच्या सुरांना एक फरफर चिकटलेली असे. पहिल्या दिवसापासून ती माझ्या कानात दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखी बसली होती. कार्यक्रमाच्या दिवशी मायलेकी सभागृह पाहायला गेल्या आणि मी हत्यारांची पेटी काढली. मागचे फळकूट उघडताच निदान झाले. स्पीकरचा कागदी पडदा कडेपासून तिरका फाटलेला, त्यावर जुनी चिकटपट्टी, तीही अर्धी सुटलेली. माझ्याकडे त्याच मापाचे कोरे स्पीकर होते. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने शाल-नारळाऐवजी स्पीकरच दिले होते. त्यातला एक बसवला, तारा जोडल्या, खालून वरपर्यंत आवाज देऊन पाहिला. पाण्यासारखा नितळ.

"त्यांना विचारलंत का?" पत्नीने दारातून विचारले.

"नाही. अनपेक्षित धक्का द्यायचा आहे."

"धक्का बसेल यात मला शंका नाही."

मग मी जुना स्पीकर घेतला, सुरीने त्याच्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. नापास मालाची कुणी चुकून विक्री करू नये म्हणून कारखान्यात तसा नियम होता. हात इतका सरावलेला की विचाराला वाटेत यायला फुरसतच मिळाली नाही.

विहीणबाई परतल्या, चपला काढल्या आणि गिटार जोडली. एक झणकारा घेतला. थांबल्या. तार पाहिली, बटण पाहिले, शेवटी मला पाहिले.

"व्याही, हे कोण वाजवतंय?"

"तुम्हीच."

"मी नाही. ही कुणीतरी न्हाऊन, पावडर लावून आलेली बाई आहे."

"स्पीकर फाटला होता," मी म्हणालो. "बदलून टाकला. आता एकही दोष नाही."

"फाटलाय हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नाही. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली की त्या याच सुरात बोलत असाव्यात. "गाडीतून उतरवताना पडला तेव्हा फाटला तो. त्याच्याआधी मी नुसती गिटार खाजवायचे आणि कंटाळून ठेवून द्यायचे. फाटला, आणि त्याच आठवड्यात मी पहिलं गाणं लिहिलं. माझा आवाज खाली गेला की पातळ होतो. जिथे मी पातळ होते तिथे तो गुरगुरायचा. आम्ही दोघं मिळून एक बाई होतो."

मला उत्तर सोपे वाटले. "आत्ता पूर्ववत करतो," मी म्हणालो आणि लगबगीने कचऱ्याच्या डब्याकडे गेलो. डबा उघडेपर्यंत ती फुली माझ्या लक्षात नव्हती.

स्पीकर मी टेबलावर ठेवला. चार त्रिकोणी पाती फुलासारखी उमललेली होती.

"बाबा," सून म्हणाली, "हे असं का कापलंत?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"कारखान्याचा."

"कारखाना बंद होऊन जमाना झाला."

"नियम रद्द केल्याचं कुणी कळवलं नाही," मी म्हणालो. हे खरे होते, पण त्या वेळी बोलायला नको होते.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी नितळ स्पीकरवर क्लचच्या गाण्याचे पहिले कडवे म्हणून पाहिले आणि आपणच हात थांबवला. "फोन कर त्या बाईंना," त्या लेकीला म्हणाल्या. "सांग, आई आजारी पडली."

"आई, त्या परत नाही येणार."

"नको येऊ देत. या आवाजात मी म्हातारी ऐकू येते. म्हातारी असायला माझी हरकत नाही गं. ऐकू यायला आहे."

सुनेने फोन हातात घेतला, पण लावला नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तिने काही बोल लावला असता तर मला सोसले असते.

"विहीणबाई," मी म्हणालो, "तो बिघाड नेमका कसा होता ते सांगा. मी तयार करून देतो."

"बिघाड तयार करता येतो?"

"मी जन्मभर दुसरं काही ऐकलंच नाही. आमच्याकडे प्रत्येकाला नाव होतं. कड सुटली की फरफर. आतली तारेची कॉइल घासली की खरखर. डिंकाचा कण अडकला की भणभण. तुम्ही वर्णन करा."

त्यांनी थोडा विचार केला. "चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी कशी कण्हते? रडत नाही. बंदही पडत नाही. चढतेय, पण तुम्हाला ऐकवून चढतेय."

"सगळ्या सुरांवर?"

"नाही. खाली. वर गेलं की गप्प. आणि जोरात छेडलं तरच. हळू वाजवलं तर आहे की नाही तेसुद्धा कळू द्यायचा नाही."

"म्हणजे फरफर. पण भिडस्त."

"भिडस्त," त्या म्हणाल्या. "बरोबर."

मी सुरी घेतली आणि नव्या कागदाच्या कडेवर टेकवली. हात पुढे जाईना. नापास झालेले स्पीकर मी असंख्य कापले होते. उत्तीर्ण झालेला एकही कापला नव्हता. या स्पीकरच्या पाठीवर माझ्याच सहीची चिठ्ठी होती.

"द्या इकडे," पत्नी म्हणाली. "कोबी समजून कापते."

तेवढे पुरेसे झाले. मी कडेपासून आत एक छोटी चीर दिली आणि विहीणबाईंनी तार छेडली.

"माशी," त्या म्हणाल्या. "काचेवर डोकं आपटणारी."

चीर तिरकी वाढवली.

"मोपेड."

आणखी थोडी वाढवून तिच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावली.

"ट्रक आला," सून म्हणाली. ती एव्हाना जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि फोन कुठेतरी बाजूला पडला होता.

"आलाय, पण रिकामा," विहीणबाई म्हणाल्या. "खडखडतोय नुसता. माल नाही."

माल म्हणजे वजन. मी जाड कागदाचा नखाएवढा तुकडा कापून चिरेच्या काठावर डिंकाने चिकटवला. डिंक वाळेपर्यंत पत्नीने चहा केला. मग विहीणबाईंनी सर्वांत जाड तार छेडली. अभिप्राय आला नाही. त्यांनी पुन्हा छेडली, मग पुढे वाजवत राहिल्या, आणि कधी गाऊ लागल्या ते आम्हाला कळले नाही.

"हा तो नाही," गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"तो माझ्याबरोबर गुरगुरायचा. हा जरा मागाहून येतो. घाई केली की गोंधळतो." त्यांनी अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर हात ठेवला. "शिकाऊ आहे. शिकाऊ लोकांची मला सवय आहे. सरका सगळे."

निघायची वेळ होईपर्यंत त्यांनी त्याला शिकवले, किंवा त्याने त्यांना. सगळ्या गाण्यांची गती त्यांनी उतरवली. जिथे त्या भरभर पुढे जात तिथे आता थांबत, गुरगुर मागून येऊन गाठेपर्यंत वाट पाहत आणि मग पुढचा शब्द टाकत.

सभागृहात खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. निम्मे लोक त्यांच्या गावाहून आलेले जुने विद्यार्थी असावेत, कारण त्या मंचावर येताच पुष्कळ जण ताठ बसले. रेकॉर्डिंगवाल्या बाई मागच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. आखूड केस, डोळे मिटलेले, चेहरा काही वाचता येणार नाही असा. मी पहिल्या रांगेत होतो आणि खरे सांगायचे तर गाणी ऐकत नव्हतो. चिकटपट्टी ऐकत होतो.

क्लचच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ती एका टोकाला सुटली. इतरांना नुसता आवाज जाड झाल्यासारखा वाटला असेल. मला ती सुटलेली ऐकू आली. मी अर्धवट उठलो. पत्नीने सदऱ्याचे टोक धरले.

"बसा."

"पट्टी सुटली."

"सुटू दे. बसा म्हणते ना."

विहीणबाईंनीही ऐकले होते. ब्रेकऐवजी दुसरेच काही दाबणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे त्यांनी एकवार अॅम्प्लिफायरकडे पाहिले. पण गाडी त्यांनी थांबवली नाही. हात तारांवरून उचलला आणि त्या भल्यामोठ्या गुरगुरीला तिच्या गतीने पार खाली जाऊ दिले. ती पूर्ण विझल्यावर, गिटारशिवाय, स्वयंपाकघरात म्हटली होती त्याहूनही हळू, त्यांनी शेवटची ओळ म्हटली. आवाज पातळ झाला. तडकला. त्यांनी तो तसाच ठेवला. शेजारी सून दोन्ही हातांनी पिशवीचा पट्टा पिळत होती, आणि मला स्पीकरचे काय झाले हे काही वेळ आठवले नाही.

कार्यक्रम संपल्यावर रेकॉर्डिंगवाल्या बाई मंचाशी आल्या.

"शेवटचं कडवं मला असंच हवंय," त्या म्हणाल्या. "ते गिटार सोडून देणं मुद्दाम बसवलंय का?"

"आमच्याकडे मुद्दाम काही होत नाही," विहीणबाई म्हणाल्या. "हे माझे व्याही. यांनी माझा चांगला फाटका स्पीकर बिघडवला, म्हणून चांगला स्पीकर फाडून दिला."

बाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. "आवाज सुरेख आहे. रेकॉर्डिंगला असाच येईल?"

सुनेने गप्प राहा म्हणून माझा पाय आपल्या पावलाने दाबला. परंतु प्रश्न तांत्रिक होता आणि तांत्रिक प्रश्नाला उत्तर द्यायचे असते.

"येणार नाही," मी म्हणालो. "कागद चिरला की चीर वाढत जाते. आज जो आवाज आहे तो पुढच्या महिन्यात नसेल. काय असेल ते मी सांगू शकत नाही."

सुनेचे पाऊल जड झाले. विहीणबाई छताकडे पाहू लागल्या. रेकॉर्डिंगवाल्या बाई काही काळ स्पीकरच्या जाळीकडे बघत राहिल्या.

"मग पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं कशाला," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपासून सुरू करू. हा जसजसा फाटेल तसतशी गाणी घेत जाऊ. मी परतीचं तिकीट पुढे ढकलते."

सुनेने आईच्या खांद्यावर कपाळ टेकवले आणि विहीणबाईंनी गिटार सांभाळत एका हाताने तिला थोपटले.

"व्याही, तुम्हीही यायचं उद्या," त्या लेकीच्या डोक्यावरून म्हणाल्या.

मी लगेच म्हणालो, "अवश्य. पट्टी, डिंक, बारीक सुरी, सगळं घेऊन येतो."

"काहीएक आणायचं नाही. नुसतं यायचं आणि माझ्या नजरेसमोर बसायचं. घरी एकटं सोडलं तर तुम्ही काहीतरी नीट करून ठेवाल."

त्याप्रमाणे मी रोज रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत जातो. काचेच्या अलीकडे, हात मांडीवर ठेवून बसतो. हत्यारांची पेटी पत्नीने कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे. पलीकडे विहीणबाई गातात, आणि मध्येच एखाद्या सुराला कागद केसभर पुढे फाटतो. ते फक्त दोघांना कळते. त्या मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहतात, मी मान डोलावतो, आणि त्या पुढची ओळ जरा आणखी सावकाश घेतात.